चांगुनाबायचा सव्वा महिना

चांगुनाबाय नवा माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे आधी बघायची नाही, पायांकडे बघायची. नालासोपाऱ्यात दवाखाना टाकून मला दीडेक वर्ष झालं असेल तेव्हा तिची-माझी पहिली भेट झाली. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टर, डावी टाच लय झिजलीय. कंबर दुखत असंल." कंबर दुखत होती, पण एका अंगठेबहाद्दर बाईपुढे नव्या डॉक्टरने ते कबूल कसं करायचं? मी म्हटलं, "अजिबात नाही." "दुखंल मंग," ती म्हणाली आणि रोग्याकडे वळली.

रोगी होते रेडकर आजोबा. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्याकडे इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींना लिफ्ट नव्हती. आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी त्यांना घरी पाठवलं. कार्डावर शेवटी लिहिलं होतं, 'हळूहळू चालवावे.' कोणी चालवावे, कुठे चालवावे, हे लिहायला बहुधा जागा उरली नसावी. घरात माणसं पाच आणि खोल्या दोन. आजोबांना हॉलमधल्या दिवाणावर ठेवलं, उशाला औषधं, खाली पॉट. सून खरोखर चांगली होती. ती त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायची नाही. घास भरवायची, कूस बदलायला मुलगा घरी यायची वाट बघायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. तीन आठवड्यांत आजोबांच्या पाठीला वाटीएवढी जखम झाली. मी दोनदा जाऊन पट्टी बदलून आलो होतो आणि आपण कर्तव्य केलं असं मला वाटत होतं.

चांगुनाबायला बोलावलं ते सुनेने. तिच्या बाळंतपणात चांगुनाबायने तिला आणि बाळाला अंग लावलं होतं. आजोबांनाही तेल चोळलं तर बरं वाटेल, एवढाच तिचा हिशेब. चांगुनाबायने चादर उचलली, जखमेचा वास घेतला, चादर खाली टाकली.

"डॉक्टर, तुमी कितीदा आला?"

"दोनदा."

"उभा केला याला?"

"अहो बाई, ते हाडांच्या डॉक्टरांचं काम आहे."

"ते कवा येनार?"

ते येणार नव्हते. हे मला माहीत होतं, सुनेला माहीत होतं आणि दिवाणावरच्या आजोबांनाही माहीत होतं. चांगुनाबाय सुनेला म्हणाली, "पोरी, तू याला सेवा करून मारतेस. माज्याकडं पाठव. सव्वा महिना ठेवीन, मंग न्यायला या."

मी मुलाला गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हे सगळं तुमच्या जबाबदारीवर. चार माणसांनी आजोबांना खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि टेंपोतून तिच्या गावी, समुद्राकाठच्या कळंबला नेलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मी मनातल्या मनात त्यांचा मृत्यूचा दाखलाही लिहून टाकला होता. दीड महिन्याने ते काठी टेकत दवाखान्यात आले, ओळीत बसले, नंबर आल्यावर आत येऊन बाही वर करून म्हणाले, "बीपी बघा जरा." मी पाहिलं. त्यांचं ठीक होतं. माझं कोणी पाहिलं नाही ते बरं झालं.

त्यानंतर मी दर मंगळवारी दुपारी स्कूटर काढून कळंबला जाऊ लागलो. ती मला बोलवायची नाही आणि येऊ नका असंही म्हणायची नाही.

चांगुनाबाय मूळची सुईण. आजूबाजूच्या भातशेतीच्या आणि कोळ्यांच्या गावांत तिने किती पोरं हातात घेतली ते तिलाही सांगता यायचं नाही. मग नाक्यानाक्यावर प्रसूतिगृहं आली, बाळंतिणी टाके घालून, गाऊन घालून घरी यायला लागल्या, आणि तिचा धंदा बसला. पन्नाशी उलटलेली, नवरा खाडीत गेलेला, मूलबाळ नाही. एखादी असती तर मिरच्या विकत बसली असती. हिने बाळंतपणाचा सगळा शिरस्ता उचलला आणि म्हाताऱ्यांना लावला. बाई बाळंत झाली की माहेरी का जाते? घरात लगेच कामाला जुंपता येत नाही आणि नुसतं निजवूनही ठेवता येत नाही, म्हणून. इस्पितळातून सुटलेल्या म्हाताऱ्यालाही असंच एक मधलं घर लागतं, एवढी साधी गोष्ट तिला कळली होती. मला कळायला रेडकर आजोबा लागले.

तिचं घर कौलारू, पुढे लांब ओटी, ओटीवर दोन खाटा. तिसरी खाट तिने कधी टाकली नाही. "दोन हातांना दोन," म्हणायची. आलेल्या प्रत्येकाला ती 'बाळंतीन'च म्हणायची, मग तो सहा फुटी पुरुष असो. भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. पहिले तीन दिवस लाड: गरम पाण्याने अंघोळ, लसूण-ओवा कढवलेलं तेल, पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी. ऑपरेशन झालेल्या पायाला मात्र ती तेलाचं बोटही लावायची नाही. मी याच मुद्द्यावर भांडायच्या तयारीने गेलो होतो आणि माझी तयारी वाया गेली. चौथ्या दिवशी पॉट उचलून माळ्यावर. संडास परसात, वीसेक पावलांवर. ओटीच्या खांबापासून संडासाच्या दारापर्यंत तिने होडीचा जाड दोर कमरेच्या उंचीवर ताणून बांधला होता. "जायचं तर जा, नायतर दाबून धर," एवढंच बोलून ती चुलीकडे जायची. जायची म्हणजे दाराआड उभी राहायची आणि फटीतून बघायची. ते आतल्या माणसाला कधी कळलं नाही. मला कळलं, कारण मी एकदा मागच्या दाराने आलो.

अंगाने ठेंगणी, काळीसावळी, कासोटा घातलेलं लुगडं, दात मशेरीने काळे. हसायची कमी. कोणी रडायला लागलं तर गप्प करायची नाही, सूप पुढ्यात ठेवायची. "रडता रडता तांदूळ निवड."

एकदा तिच्याकडे एक निवृत्त हवालदार आले. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, जीभ जड, पण शिव्या स्पष्ट यायच्या. इतर सगळे शब्द गेले आणि तेवढे राहिले होते. चांगुनाबायने त्यांच्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं ठेवलं. वाल सोलायचे, आणि तेही उजव्या हाताने. मोडाचे वाल चांगल्या हातातूनही निसटतात. हवालदारांनी पहिल्याच दिवशी पातेलं भिरकावून दिलं. वाल ओटीभर, अंगणभर. चांगुनाबायने चूल विझवली. त्या दिवशी स्वयंपाक केलाच नाही. संध्याकाळी दुसऱ्या खाटेवरची म्हातारी भुकेने कळवळून म्हणाली, "अहो, उचला ना हो." हवालदार दोर धरून अंगणात उतरले, बसले आणि एकेक वाल उचलू लागले. उचलता उचलता ओक्साबोक्शी रडले. मी तिथे होतो आणि मला तिचा राग आला. मी म्हटलं, "बाई, हे क्रूर आहे." ती म्हणाली, "हाय. त्याच्या घरी त्याला कोन वाल देनार नाय, डॉक्टर. पेढा देतील." सव्वा महिन्याने हवालदार सदऱ्याची बटणं स्वतः लावून घरी गेले. वरचं एक राहायचं.

सगळे उठले असं नाही. काही ओटीवरच गेले. एका म्हाताऱ्याच्या मुलाने तर अंगणात उभं राहून आरडाओरडा केला की बाईने चालवून चालवून बापाला मारलं. बापाच्या छातीत पाणी झालं होतं, ते मी तपासून सांगितलं, तरी तो ऐकेना. ती मान खाली घालून उभी राहिली आणि त्याचं बोलून संपल्यावर म्हणाली, "चल, खांदा दे." असं झालं की ती रिकाम्या खाटेवर दहा दिवस कोणाला घ्यायची नाही.

तिचा एक नियम मात्र माझ्यासकट सगळ्यांनाच आवडायचा, आणि त्याच्यावरच पुढे सगळं घडलं म्हणून तो नीट सांगतो. माहेराहून लेक आपल्या पायाने निघत नाही. सासरचं माणूस न्यायला येतं, तेव्हा जाते. चांगुनाबायने हे जसंच्या तसं उचललं होतं. सव्वा महिना भरला की घरच्यांनी न्यायला यायचं, तिच्या ओटीवर जेवायचं, आपल्या माणसाला दोर सोडून चालताना बघायचं, मग ती नारळ आणि पायलीभर लाल तांदूळ फडक्यात बांधून द्यायची आणि वेशीपर्यंत सोडायला जायची. अशी बोळवण झालेलं माणूस घरात परत जाताना अडगळ म्हणून जात नसे. मुलगा पिशवी घेऊन पुढे, म्हातारा काठी घेऊन मागे, गावातल्या बाया दारात उभ्या. मी तिला म्हणायचो, "बाई, हे औषधापेक्षा भारी आहे." ती म्हणायची, "चालता करनं माजं. घरात घेनं त्यांचं. न्यायला आला तो सांभाळतो."

बरीच वर्षं हे खरं ठरलं. मग सुमतीबाई आल्या.

सुमतीबाई तार खात्यातून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर वारला, एकच मुलगा, तो लग्न होऊन बोरिवलीला. या नालासोपाऱ्यात तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्या जागेत सात-आठ वर्षं एकट्या आणि मजेत राहत होत्या. जागा कागदावर मुलाच्या नावाची होती, पण तो विचार त्यांनी कधी केला नसावा. माझ्याकडे सर्दी-खोकल्याला यायच्या तेव्हा पर्समधून किल्लीचा जुडगा काढून टेबलावर ठेवायच्या, औषध लिहून झालं की उचलायच्या. बाजारातून येताना पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. मुलाला चांगुनाबायचं नाव मीच सुचवलं. त्याने टॅक्सीने आणून सोडलं, ओटी बघितली, समुद्राचा वारा लागला तसा म्हणाला, "वा, इथे तर मलाच राहावंसं वाटतंय." जाताना घर झाडून-पुसून ठेवतो म्हणून आईकडून किल्ली मागून घेतली. दुसरी एक किल्ली शेजारच्या मिसेस लोपीसकडे असायची.

सुमतीबाईंसारखी बाळंतीण चांगुनाबायला दुसरी मिळाली नसेल. चौथ्या दिवशी दोर, पंधराव्या दिवशी काठी, तिसाव्या दिवशी देवळापर्यंत. वाल तर त्या उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी सोलायच्या आणि वर विचारायच्या, "अजून आहेत का?" रोज संध्याकाळी त्या चांगुनाबायला घरी गेल्यावर काय काय करणार ते सांगायच्या. मोरीत दांडा बसवून घेणार. पाणी सकाळीच भरून ठेवणार. स्टूल काढून टाकणार, उंचावर काही ठेवणार नाही. मी एवढा नीट विचार माझ्या दवाखान्याचाही केला नव्हता.

एक्केचाळिसावी रेघ ओढली त्या आठवड्यात मुलाचा माझ्या दवाखान्यात फोन आला. या रविवारी जमत नाही, पुढच्या रविवारी नक्की. सुमतीबाई म्हणाल्या, "अडलेला असेल. मी जाते की रिक्षाने. पंचवीस मिनिटांचा तर रस्ता आहे. किल्ली शेजारी आहे."

चांगुनाबाय म्हणाली, "नाय. न्यायला येऊ दे."

"अहो, माझंच घर आहे."

"म्हनून तर मानानं जायचं. अशी बिनबोलावता गेलीस तर उद्या बोलतील, हाकलली म्हनून आली. एक रविवार. काय होतंय?"

त्या मंगळवारी सुमतीबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सांगा ना तिला. नाहीतर तुम्हीच सोडा मला." मी हसून म्हटलं, "ऑपरेशनच्या पायाने स्कूटरवर? येतील हो ते रविवारी." माझ्या दवाखान्याच्या दारातच रिक्षा उभ्या असायच्या. एक घेऊन यायला मला काय झालं होतं? पण त्या ओटीवर सगळं इतकं छान चाललं होतं की मध्ये बोट घालावंसं मला वाटलं नाही. आज हे लिहितानाही माझी मलाच चीड येते.

दुसरा रविवार गेला. मग तिसरा. दर रविवारी सुमतीबाई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी भरून, दहा वाजल्यापासून ओटीवर बसायच्या. चांगुनाबाय पाहुण्यांसाठी म्हणून जास्तीचा भात टाकायची, बोळवणीचा नारळ बाजूला काढून ठेवायची. वाटेने जाणारी एखादी विचारायची, "आलं नाय गो कोन?" दुपारी तीनच्या सुमारास सुमतीबाई उठून साडी बदलायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. कधी नातवाची परीक्षा, कधी व्याह्यांचं आजारपण, कधी फोनच नाही. असे सहा रविवार झाले.

सहाव्या रविवारनंतरच्या सोमवारी मिसेस लोपीस खोकल्याचं औषध घ्यायला माझ्याकडे आल्या. बाटली पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, "डॉक्टर, सुमतीबाई एक्स्पायर कधी झाल्या? आपल्याला कोणी कळवलंच नाय."

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"कोणी नाय. पण त्यांच्या रूमवर नवीन लोक आले ना राहायला. लॉक पण चेंज केला. मला वाटलं, गेल्या."

मुलाने जागा अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिली होती. मी फोन केला तेव्हा तो ओशाळला, पण थोडासाच. म्हणाला, "आईला तिथे किती छान आहे, डॉक्टर! तुम्हीच म्हणता ना? इथे एकटी राहून परत पडली तर? आणि आमच्याकडे जागा ती केवढी." तो खोटारडा नव्हता. ओटी चांगली होती म्हणून त्याला निर्णय सोपा गेला, एवढंच.

मी मंगळवारची वाट न बघता कळंबला गेलो आणि चांगुनाबायला परसात नेऊन सांगितलं. तिने विचारलं, "कवा आले ते लोक?"

"तिसऱ्या रविवारनंतर, असं लोपीसबाई म्हणाल्या."

ती दोराला धरून उभी राहिली. बोटं मोजत तिने हिशेब केला. "म्हंजे आधीचे तीन रविवार घर मोकळं व्हतं," ती म्हणाली. "किल्ली शेजारी व्हती. मी धरून ठेवली तिला."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. तिने ऐकलं नाही.

सुमतीबाईंना सांगायचं कसं, यावर चांगुनाबाय म्हणाली, "सांगायचं काय? दाखवायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. दार एका पंचविशीतल्या मुलीने उघडलं. कडेवर मूल, हाताला कणीक. मागे सुमतीबाईंचंच कपाट, सुमतीबाईंचंच घड्याळ. सामानासकट दिलं होतं. मी पुढे होऊन काहीतरी पुटपुटलो. मुलगी गोंधळली, पण चांगल्या घरची होती. म्हणाली, "आजी, या ना आत, बसा." सुमतीबाई काठी टेकत आत गेल्या आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसल्या. मुलीने पाणी आणून दिलं. तो पेला त्यांचाच होता, त्यावर त्यांचं नाव घातलेलं मला दिसलं. त्या सगळं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बाळ लहान आहे तुमचं. मोरीतली फरशी फार निसरडी आहे, सांभाळा. आणि पाणी सहाच्या आत भरून ठेवत जा. नंतर येत नाही." मुलगी म्हणाली, "हो आजी." सुमतीबाई उठल्या, पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि बाहेर आल्या. मी तिथे मेल्याहून मेल्यासारखा उभा होतो.

ओटीवर पोचल्यावर सुमतीबाई खाटेवर आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. चांगुनाबायने सगळे उपाय केले. वालांचं पातेलं पुढ्यात ठेवलं, ते तसंच आंबून गेलं. जेवण बंद करून बघितलं, तर त्या उपाशीच राहिल्या. शेवटी ती खाटेजवळ बसून म्हणाली, "बाय, ऊठ. चार पावलं चाल."

सुमतीबाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "कुठे जायचंय?"

या प्रश्नाला चांगुनाबायचं आजवर ठरलेलं उत्तर असायचं: घरी. त्याच उत्तरावर तिने हवालदारांना वाल उचलायला लावले होते. त्या दिवशी ती उठली आणि माळ्यावरचं पॉट खाली काढलं. सुमतीबाईंचं सगळं मग तिने स्वतःच्या हाताने केलं, घासही भरवले. पावणेचार महिन्यांनी सुमतीबाई गेल्या. पाठीला एक ओरखडाही नव्हता.

मुलगा दोन तासांत आला. रडला, खरंच रडला. चांगुनाबायने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "आज कसा आलास? आज बुधवार हाय."

त्यानंतर तिने नियम मोडला. सव्वा महिना भरला की ती कोणाची वाट बघेना. सकाळी बाळंतिणीला अंघोळ घालायची, नारळ-तांदूळ बांधायची, रिक्षात बसवायची आणि थेट दारात नेऊन उभी करायची. कोणी बोलावलेलं नसायचं. काही घरांत आनंद व्हायचा, काही घरांत भांडणं. एकीने तर चांगुनाबायला पोलिसांची भीती घातली. मी तिला म्हटलं, "बाई, जरा कळवून तरी जात जा." ती म्हणाली, "कळवलं की कुलूप बदलतात." मला पटलं असं नाही, पण तिच्याशी वाद घालायचा माझा अधिकार मी त्या सहा रविवारांत घालवला होता.

लोक बिचकले. तिच्याकडे माणूस ठेवलं की एक्केचाळिसाव्या दिवशी हमखास परत येतं, ही गोष्ट पसरली, आणि जी तिची ख्याती व्हायला हवी होती ती बदनामी झाली. दोन हजार सालानंतर आया पुरवणारे ब्यूरो निघाले. बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई. त्या बायका म्हाताऱ्याला दिवाणावरून हलू देत नाहीत आणि घरचे समाधानी असतात. कळंबला शेजारच्या वाड्यांतून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. चांगुनाबायच्या पुतण्यालाही ओटी हवी होती. एक खाट गेली, मग वर्षातून दोन-तीन माणसं, तीही ज्यांना ब्यूरोची बाई परवडत नाही अशी. तिचे स्वतःचे गुडघे गेले होते. मी गोळ्या द्यायचो, त्या ती ओटीवरच्या माणसाला द्यायची.

ती वारल्याचं मला फार उशिरा कळलं, दिवसकार्य होऊन गेल्यावर. त्याआधी पाच-सहा महिने ती मला दिसली ती वसई रोडच्या एका इमारतीत. चौथ्या मजल्यावर माझा रोगी होता. संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर जिन्यात चांगुनाबाय, आणि तिच्याबरोबर भिंतीला टेकून उभे असलेले एक सत्तरीचे गृहस्थ. हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला नारळ. दोन जिने ते चढून आले होते. दार साखळीएवढंच उघडलेलं, फटीत मुलगा.

"मावशी, आठ दिवस अजून ठेवा ना. आम्ही रविवारी येतोच न्यायला."

"न्यायला यायचं काम नाय," ती म्हणाली. "मी आनलाय."

"अहो, आत पाहुणे आहेत."

"हा पन घरचाच हाय."

म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "बाय, चल, परत जाऊ तुझ्याकडे. मला चालेल." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आपला पाय दाराच्या फटीत घातला होता, रबरी चपलेसकट, आणि मुलगा ते दार लावू शकत नव्हता. शेवटी साखळी निघाली. ती गृहस्थांना म्हणाली, "जा. तुज्या पायानं जा." ते भिंत धरत आत गेले. दार लागलं.

मी वर जाऊन रोगी तपासून अर्ध्या तासाने खाली आलो. चांगुनाबाय त्याच मजल्यावर, बंद दाराला लागून पायरीवर बसली होती.

"चला बाई, सोडतो तुम्हाला."

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी जा. ताट वाढल्याचा आवाज आला, की मी जाईन."

मी खाली उतरलो. वळणावरून पाहिलं, तर तिने दाराला कान लावला होता.